बाथरोबच्या बाहीत उरलेले बाण

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि बाथरोबचा छोटा कारखाना आहे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाहेरदेशच्या गिऱ्हाइकाला नमुना पाठवण्याआधी रोब स्क्रीनवर फिरवून दाखवता यावा, म्हणून पुतळ्याला रोब घालून मोबाइलने फोटो काढले आणि त्यावरून थ्रीडी मॉडेल तयार केलं. १४,२५६ बिंदू, ४२,३६० कडा आणि २८,१०० त्रिकोण आहेत. व्हेलोरची (मखमलीसारख्या टॉवेल-कापडाची) लव कुठे झुकली आहे ते दाखवायला प्रत्येक त्रिकोणावर एक बाण ठेवला. काखेपाशी लव गोल फिरलेली दिसते. म्हणून बाणांचा उताराचा भाग (चढावरून पाणी उतरावं तसा) आणि भोवऱ्याचा भाग (गोल फिरणारा) वेगळा करून भोवरा तेवढा कमी करायचा, असा बेत होता. पण चौकोनी जाळीवर नीट चालणारा कोड इथे चालत नाही. शिवाय दोन्ही भाग वजा केल्यावरही बाहीत बाण उरतातच, शून्य काही येत नाही. पप्पा म्हणतात, बाही कापून वेगळी दाखव. चूक कुठे असेल?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : बाही कापू नकोस. तिथे जे उरतंय, त्यातला मोठा भाग चूक नाहीच. (तुझ्याच वयाची मुलं रोज वर्गात समोर असतात, म्हणून ‘तू’ म्हणते.) तुझं पत्र आल्यावर मी फोन करून दोन-तीन गोष्टी विचारून घेतल्या, त्या पुढे येतीलच.

आधी चौकोनांचं बघू. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्डच्या (कापडातच नक्षी विणणाऱ्या) मागासाठी चादरीचं डिझाइन काढायचे. मोठ्या आलेख कागदावर मोर काढायचा आणि एकेक घर रंगवत जायचं. उभी घरं ताण्याची, आडवी बाण्याची. त्या कागदावर कुठल्याही घराला शेजारी चार, अंतर सारखं आणि दिशाही ठरलेल्या. तुझा जुना कोड त्या कागदावरच राहतो. ‘उजवीकडची किंमत वजा डावीकडची’ हे वाक्य त्याला पुरतं. पण खांद्यावरून घसरणाऱ्या कापडाला उजवं-डावं असं काही नसतं. एका बिंदूला पाच शेजारी, दुसऱ्याला नऊ. एक त्रिकोण नखाएवढा, तर त्याला चिकटलेला दुसरा सुईसारखा. अशा जागी शेजाऱ्यांची नुसती सरासरी घेतलीस, तर ज्या बाजूला बिंदूंची गर्दी जास्त त्या बाजूला ती ओढली जाते. मग तू लवेची दिशा मोजत नसतोस, मोबाइलने कुठे जास्त बिंदू टिपले ते मोजत असतोस.

म्हणून एकेका त्रिकोणाला त्याच्याच मापाने विचारायचं. एका कोपऱ्याची उंची १ धर, बाकी दोघांची ०. त्या कोपऱ्यातून समोरच्या बाजूवर लंब टाक. उताराचा बाण त्या लंबावरूनच जातो, आणि लंबाची लांबी h असेल तर बाणाची लांबी १/h. लंब २ मिलिमीटर असेल तर उतार ०.५. सुईसारख्या त्रिकोणात लंब ०.०१ असेल तर उतार थेट १००. तुझ्या मॉडेलच्या काखेत असे सुईत्रिकोण भरपूर असणार, कारण तिथे कॅमेऱ्याला कापड तिरकंच दिसतं.

एखाद्या बिंदूतून किती ‘बाहेर पडतंय’, म्हणजे डायव्हर्जन्स, हेही असंच मोजायचं. बिंदूभोवतीचा एक त्रिकोण घे. त्या बिंदूला मिळणाऱ्या दोन बाजूंचे मध्य जोड. ती रेघ समोरच्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते, हे शाळेत शिकलेलं. त्या त्रिकोणातला बाण ती रेघ ओलांडून किती बाहेर जातो ते मोज, आणि सगळ्या त्रिकोणांची बेरीज कर. उतार आणि ही बेरीज एकापुढे एक मांडलीस की प्रत्येक कडेला आपोआप एक वजन मिळतं : कडेसमोरच्या दोन कोनांच्या कोटॅन्जंटची (कोनावरून ठरणाऱ्या एका गुणोत्तराची) बेरीज, भागिले २. कोन ६०° चा असेल तर कोटॅन्जंट ०.५७७, ९०° ला शून्य, १२०° ला उणे ०.५७७. इलेक्ट्रिक जाळ्यांवर काम करणाऱ्या डफिन यांनी हे सूत्र १९५९ मध्ये मांडलं होतं. पृष्ठभागांच्या भूमितीत ते रुळलं पिंकॉल आणि पोल्टियर यांच्या १९९३ च्या कामानंतर. समोरचे दोन कोन मिळून १८०° पेक्षा जास्त झाले तर वजन उणे येतं. अशा वेळी दोन त्रिकोणांच्या चौकोनातली ती कड काढून दुसरा कर्ण टाकायचा, शक्य तितक्या ठिकाणी.

वजनं बरोबर बसली की नाही ते रोबवर तपासू नकोस. एक सपाट जाळी घे, आतले बिंदू हवे तसे वेडेवाकडे सरकव (त्रिकोण उलटे होऊ देऊ नकोस) आणि प्रत्येक बिंदूला त्याचाच x किंमत म्हणून दे. सरळ उतार झाला. त्यावर कोटॅन्जंटची वजनं लाव. आतल्या प्रत्येक बिंदूवर शून्य यायलाच हवं, जाळी कितीही वाकडी असो. सरासरीवाल्या कोडने हेच कर, ते येणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

आता बाहीत उरलेल्या बाणांकडे वळते. या प्रश्नाचा माझ्यावर जुना उधार आहे.

नोकरीच्या सुरुवातीला पुण्यात एका कंपनीत असताना माझ्याकडे चहाच्या मगवर फिरत्या रेषांची नक्षी बसवायचं काम आलं होतं. उतार काढला, भोवरा काढला, तरी कानापाशी बाण उरले. मी दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत बसले. शेवटी वरिष्ठांनी सांगितलं, ‘राउंडिंग एरर आहे, शून्य कर.’ मी केलं. नक्षी कानावर आली की तुटायची, तिथे उभी शिवण दिसायची. गिऱ्हाइकाने काम परत पाठवलं. ते उरलेले बाणच नक्षीला कानातून पलीकडे नेत होते, आणि मीच ते पुसून टाकले होते. तेव्हा मला कुणी नीट सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं. म्हणून इथे जरा विस्ताराने लिहिते.

सिद्धेश्वराच्या देवळात तू प्रदक्षिणा घातलीच असशील. असं समज की गाभाऱ्याभोवती सगळे चालताहेत आणि मधोमधपासून दोन पावलांवर जो वेग, चार पावलांवर त्याच्या बरोबर निम्मा, आठ पावलांवर पाव. या चालीत कुणी कुठे जमा होत नाही, कुठून नव्याने निघतही नाही, म्हणजे डायव्हर्जन्स शून्य. गर्दीत कुठेही एक छोटं भिरभिरं धरलंस तर ते वाटेबरोबर पुढे जाईल, पण स्वतःभोवती फिरणार नाही. आतल्या बाजूची घाई आणि वाटेचं वळण एकमेकांना बरोबर फेडतात. म्हणजे भोवराही शून्य. तरीही सगळे गोल फिरताहेत. ‘हा उतारच आहे’ म्हणावं, तर प्रत्येक पावलाला एक पायरी उतरत जाऊन फेरी पुरी झाल्यावर माणूस पुन्हा पहिल्याच पायरीवर उभा, असं होईल. तसा जिना बांधता येत नाही. मग ही चाल जमली कशी? मध्ये गाभारा आहे म्हणून. तिथे चालायला जमीन नाही, म्हणून. जमीन अखंड असती तर मधल्या बिंदूवर भोवरा सापडलाच असता.

हा तिसरा भाग, त्याला हार्मोनिक म्हणतात. प्रवाहाचे उतार आणि भोवरा असे भाग पाडण्याचा विचार हेल्महोल्ट्झ यांच्या १८५८ च्या, भोवऱ्यांवरच्या लेखातला. आकाराला भोकं असली की तिसरा भाग का आणि किती येतो, ते ब्रिटिश गणिती हॉज यांनी १९३० च्या दशकात उलगडलं. त्रिकोणांच्या जाळीवर हे कसं करायचं, यावर २००३ साली एकाच सुमारास दोन कामं आली. एक पोल्टियर आणि प्रॉइस यांचं, दुसरं टाँग, लोम्बेडा, हिरानी आणि देब्रूँ यांचं. तू जे करू बघतोयस ते इतकं अलीकडचं आहे.

तुझा रोब समोरून उघडा आहे. गळा, पुढचे दोन काठ आणि खालचा घेर मिळून एकच लांब कड (कापडाची मोकळी किनार, त्रिकोणाची कड नव्हे) होते. बाकी दोन कडा म्हणजे दोन मनगटं. दोन भोकं पाडलेली चपाती जशी, तसा हा आकार. म्हणून हार्मोनिक भागाला दोनच वाटा असायला हव्यात, प्रत्येक बाहीभोवती एक. बिंदू वजा त्रिकोणांच्या कडा अधिक त्रिकोण केलंस तर उणे १ यायला हवं (१ मधून हा आकडा वजा केला की वाटा मिळतात). आता तुझे आकडे : १४,२५६ वजा ४२,३६० अधिक २८,१००. उत्तर येतं उणे ४. म्हणजे वाटा दोन नाहीत, पाच आहेत.

म्हणून तुला फोनवर मोकळ्या कडांचे सुटे वेढे मोजायला सांगितले. तू तीनऐवजी चार सांगितलेस. चौथा डाव्या काखेत निघाला. फोटोत तो भाग आलाच नव्हता, तिथे मॉडेलला भोक राहिलं. त्याची एक वाट. उरल्या दोन. मोकळ्या कडा न वाढता दोन वाटा वाढल्या, म्हणजे कुठेतरी मगच्या कानासारखं काहीतरी असणार. तू मॉडेल फिरवून बघितलंस आणि म्हणालास, ‘मॅडम, पट्टा अडकवायचा लूप!’ डाव्या बाजूचा लूप स्कॅनमध्ये कापडाला चिकटून आला होता, उजव्याच्या खालून मात्र आरपार उजेड दिसत होता. पाच वाटांचा हिशेब लागला. काखेतलं भोक बुजव, उजवा लूप काढून वेगळा तुकडा म्हणून ठेव आणि पुन्हा मोज. उणे १ आल्याशिवाय पुढचं काहीही करू नकोस.

त्यानंतर राहतील त्या दोन खऱ्या वाटा, आणि त्या तुझ्या कोडने उरवल्या आहेत. भोवऱ्याच्या भागासाठी तू जी किंमत शोधतोस, तिच्या सारख्या किमतींच्या रेषांवरून प्रवाह वाहतो. दोन मोकळ्या कडांच्या मधून किती वाहतं, तर त्या कडांच्या किमतींत जेवढा फरक तेवढं. तू मोकळ्या कडांवरच्या सगळ्या बिंदूंना शून्य दिलंस. मग खालचा घेरही शून्य आणि मनगटही शून्य. दोघांच्या मधून, म्हणजे बाहीभोवती, एकूण काहीच वाहू नये असा हुकूमच तू देऊन टाकलास. लव तर तिथे वळसा घेते. ती बिचारी उरलेल्यात जाऊन बसली. शून्य दिलंस ते बरोबरच केलंस, तिन्ही भाग त्यानेच एकमेकांत न मिसळता सुटे होतात. फक्त उरलेलं टाकून द्यायचं नाही.

एक तपासणी अजून. उरलेले बाण फक्त बाहीत गोळा न होता सगळ्या रोबभर बारीक खरखरीसारखे पसरलेले दिसत असतील, तर कारण वेगळं. पुठ्ठ्याचा चार तोंडांचा पिरॅमिड कर : ४ बिंदू, ६ कडा, ४ त्रिकोण. प्रत्येक त्रिकोणावर एक बाण म्हणजे दोन आकडे, एकूण ८. उताराच्या किमती बिंदूंवर ठेवल्या तर ४ वजा १, म्हणजे ३ आकडे हाताशी. (सगळीकडे सारखीच किंमत असेल तर उतार नसतो, म्हणून एक वजा.) भोवऱ्याच्या किमतीही बिंदूंवरच ठेवल्यास तर आणखी ३. झाले ६. भोक एकही नाही आणि २ मात्र उरले! भोवऱ्याच्या किमती बिंदूंऐवजी कडांच्या मध्यावर ठेव : ६ वजा १, म्हणजे ५. तीन आणि पाच आठ, हिशेब चोख. भोक नसलेल्या कुठल्याही बंद जाळीवर हा हिशेब असाच जमतो. वीस तोंडांचा घन घेऊन बघ, ११ आणि २९ मिळून ४० येतात.

आता तुझं मूळ काम. तिन्ही भाग सुटे झाले की भोवऱ्याच्या किमतींचा नकाशा रंगवून बघ. जिथे शिखर किंवा खड्डा, तिथे भोवऱ्याचा मध्य. काखेपाशी तो ठळक दिसेल. ते शिखर तेवढं दाबून टाक, उतार आणि हार्मोनिक भागाला हात लावू नकोस, आणि तिघांची पुन्हा बेरीज कर. लव काखेत शांत होईल आणि बाहीभोवतीचा वळसा तसाच राहील. कोटॅन्जंटच्या वजनांच्या समीकरणांचं कोष्टक रोबच्या आकारावरून ठरतं, लवेवरून नाही. म्हणून ते एकदाच सोडवून ठेव. मग पप्पांनी दहा प्रकारची लव दाखव म्हटलं तरी दर वेळी क्षणात उत्तर येईल.

फक्त पप्पांना एक विचार. बाही वेगळ्या कापडातून कापून जोडतात तेव्हा तिची लव अंगाच्या लवेला जुळवून घेतात की नाही? कटिंगवाल्या मावशींना ते पक्कं ठाऊक असेल. जुळवत नसतील तर शिवणीवर दिशा खरोखरच बदलते, आणि ती गणिताने गुळगुळीत करून दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला नसलेला माल दाखवणं.

प्रश्न : संगणकावर उदबत्तीचा धूर तयार करताना दर पावलाला ‘प्रोजेक्शन’ नावाची पायरी येते. ती गाळली तर काय बिघडतं?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : गाळून बघच, धूर काही ठिकाणी गिळला जाईल आणि काही ठिकाणी आपोआप उगवेल. इतक्या सावकाश हलणारी हवा दाबली जात नाही. जेवढी एका जागी येते तेवढीच तिथून जायला हवी. वेग पुढे सरकवताना ही अट मोडते. मग वरच्या उत्तरातलीच विभागणी करायची आणि उताराचा भाग फेकून द्यायचा. तो भाग म्हणजे दाबाचं काम. योस स्टॅम यांनी १९९९ मध्ये जी पद्धत मांडली आणि जिच्यामुळे चित्रपट-खेळांतला धूर घरच्या संगणकावर आला, तिच्यात ही पायरी प्रत्येक पावलाला आहे. तुमच्या खोलीत मधोमध खांब असेल तर त्याभोवतीचा वळसा प्रोजेक्शननंतरही टिकायला हवा. टिकत नसेल तर खांबाच्या कडेवरची अट तपासा.

प्रश्न : माझ्या नातवाच्या डोक्यात दोन भोवरे आहेत. घरातल्या बायका ‘दोन लग्नं होणार’ म्हणून त्याला चिडवतात, तो रडकुंडीला येतो. तुम्ही बाणांचं आणि भोवऱ्यांचं लिहिता, म्हणून विचारते. यात शास्त्र काय?
— एक आजी, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : आजी, लग्नांचा आणि भोवऱ्यांचा काहीही संबंध नाही. त्याला चिडवू देऊ नका. पण त्याच्या डोक्यावर एक सुंदर गोष्ट आहे, ती त्याला दाखवा.

कपाळावर, कानांवर, मानेवर, सगळीकडे केस बाहेरच्या बाजूला पडतात. असं असलं की आत कुठेतरी एक तरी जागा अशी असावीच लागते, जिथे केसांना दिशाच नाही. म्हणून बहुतेकांच्या डोक्यात एक भोवरा सापडतो. फ्रेंच गणिती पॉइनकारे यांनी १८८५ मध्ये दाखवलेल्या नियमानुसार अशा जागांना आकडे देऊन बेरीज करायची. भोवऱ्याचा आकडा अधिक १, आणि बाहेर पडणाऱ्या केसांच्या डोक्यावर एकूण बेरीज १ च यायला हवी. नातवाचे दोन भोवरे म्हणजे २ झाले. मग उणे १ ची एक जागा त्याच्या डोक्यात असायलाच हवी.

ती शोधा. न्हाऊ घातल्यावर केस ओले असताना, तेल न लावता आणि कंगवा न फिरवता, दोन भोवऱ्यांच्या मधोमध बघा. दोन्हीकडचे केस तिथे समोरासमोर येतात आणि एकमेकांना न भिडता पुढे-मागे दुभंगतात, घोड्याच्या खोगिरासारखे. तुमचं बोट तिथे ठेवा आणि त्याला आरशात दाखवा. त्याच्या शाळेतल्या एका भोवऱ्याच्या मुलांकडे ती जागा असायची गरज नाही.